एका चुलीची एक रेघ

मी एक जुनी तपासणीची पट्टी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारख्या पट्ट्या पाहिल्या असतील. पांढरं प्लॅस्टिकचं अंग, बोटाएवढी लांबी, पोटावर एक लहानशी खिडकी आणि खिडकीशेजारी सी आणि टी ही दोन इंग्रजी अक्षरं. कोरोनाच्या दिवसांत आम्ही घराघरांत गेलो. सध्या माझा मुक्काम आसेगावच्या शिवारात, तुरीच्या एका शेतात आहे. उकिरड्यातल्या शेणखताबरोबर ट्रॉलीत भरून मी इथं आले. शेण मातीत मिसळलं, काडीकचरा कुजला, मी मात्र आहे तशीच आहे. नांगराचा फाळ मला वर काढतो, वखर पुन्हा खाली लोटतो, आणि मजूर बाया मला हातात घेऊन, उलटसुलट बघून परत टाकून देतात.

माझ्या पोटावर एक रेघ आहे. ती लाल होती, आता विटकरी झाली आहे. त्या रेघेवर एका घरानं डोळे मिटून विश्वास ठेवला. त्यात कोणाचा जीव टांगणीला लागला होता आणि पुढे काय झालं, ते मला तेव्हा कोणाला सांगता आलं नाही. आता तुम्हाला सांगते. ऐकताना तुमच्या घरात कोण खोकतं, ते आठवत राहा.

माझा जन्म एका मोठ्या शहराबाहेरच्या कारखान्यात झाला. तिथं धुळीला मज्जाव होता. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या बायकांनी मला जोडलं. माझ्या पोटात कागदाची एक पातळ चिंधोटी आहे आणि तिच्यावर दोन ठिकाणी न दिसणारं औषध लावलेलं आहे. नाकातून काडी फिरवायची, ती नळीतल्या पाण्यात बुडवून ढवळायची आणि त्या पाण्याचे थेंब माझ्या अंगावर टाकायचे. थेंब पाझरत वर चढतात. त्यांत रोगाचे कण पुरेसे असले, तर ते टी या अक्षरापाशी अडकतात आणि तिथं रेघ उठते. पुरेसे असले तर, हे शब्द विसरू नका. सीची रेघ मात्र सगळ्यांनाच उठते, धडधाकट माणसालाही आणि तापानं फणफणलेल्यालाही. ती फक्त एवढं सांगते, की मी जागी आहे आणि पाणी माझ्या पोटातून नीट चाललं आहे.

एका खोक्यात आम्ही दोघी होतो, मी आणि माझी बहीण. सोबत घडी घातलेला एक कागद होता. आमचं काय ऐकावं आणि काय ऐकू नये, ते सगळं त्यात लिहिलेलं होतं, पण अक्षर मुंगीएवढं. तो कागद पुढे उलगडला गेला तो फक्त चित्रं बघण्यापुरता.

अकोल्यावरून आम्ही शेलूबाजारच्या एका मेडिकलात आलो. समोर हमरस्ता, रस्त्यावर जीपवाल्यांची सकाळपासून हाकाहाक. दुकानाचे मालक हेमसिंग यांनी आम्हाला काचेच्या कपाटात अगदी पुढे मांडलं. तिसरी लाट आली आली म्हणत होते ते दिवस. गिऱ्हाईक आलं की हेमसिंग माझ्या खोक्यावर बोटानं टिचकी मारत. "कायले दवाखान्यात लाईन लावता? घरच्या घरी, पाव घंट्यात निकाल. मशीनच समजा." लोक माझ्याकडे आदरानं बघत. मला ते आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू? मशीन म्हटल्यावर माझी मान ताठ व्हायची. मशीनलाही दिसण्याची हद्द असते, हे कौतुक ऐकताना कोणाच्या लक्षात राहतं!

एका सकाळी पुण्याहून येणारी ट्रॅव्हल्स हमरस्त्यावर थांबली आणि एक तरुण उतरून दुकानात आला. कानटोपी, तोंडावर मास्क, पाठीवर फुगलेली बॅग. हा विनोद. चाकणच्या एका कंपनीत नोकरीला, आणि बहिणीच्या लग्नासाठी मोठ्या मिनतवारीनं सुट्टी काढून गावी निघालेला.

"कोरोनाची किट द्या एक," तो म्हणाला. मग त्यानं घसा खाकरला. "अन् गळ्याच्या गोळ्या बी द्या."

हेमसिंगनी दोन्ही एकाच पिशवीत टाकलं. आसेगावच्या जीपमध्ये मी आणि त्या गोळ्या एकमेकींना खेटून बसलो होतो. वाटेत विनोदनं आईला फोन केला. "माय, माही खाट बाहीरच्या खोलीत टाक. बाबाच्या जवळ नको. गळा जरासा धरला हाये." पोरगा शहाणा होता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला बेफिकीर म्हणाल.

त्याला बापाची काळजी होती आणि ती रास्त होती. इंद्रभान, त्याचे वडील, आयुष्यभर जिनिंगमध्ये राबलेले. सरकीपासून कापूस सुटताना जे बारीक तंतू उडतात, ते वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत गेले होते. आता ते ओसरीवर खाटेवर बसून असत. उशाशी तोंडात मारायचा पंप. अंगणाच्या फाटकापर्यंत जायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागे. डॉक्टरांनी चंपाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, स्पष्ट बजावलं होतं, की या माणसाला कोरोना होऊ देऊ नका, ही छाती तो सोसणार नाही. त्या घराला राखायची होती ती ही एक छाती. माणूस मात्र आनंदी. आपल्या खोकल्याची थट्टा ते स्वतःच करत. लेकीचं, स्नेहाचं, लग्न डोळ्यांनी बघायचं, बाकी काही मागणं नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

स्नेहाचं लग्न धनजच्या प्रसेनजितशी ठरलं होतं. त्याच्याकडे थकलेली आजी होती. म्हणून व्याह्यांनी निरोप पाठवला होता, की दोन्ही घरांनी तपासणी करून घ्यावी आणि फोटो पाठवावा. एवढ्यासाठीच विनोदनं मला विकत घेतलं होतं.

आता त्या मुलखातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. कार्याचं जेवण असलं की घरोघर जाऊन आवतन देतात. एकट्या पुरुषमाणसाला बोलवायचं असेल तर तसं सांगतात, आणि सगळ्या घराला बोलवायचं असेल तर म्हणतात, "चूलबंद आवतन हाये बरं." म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. दारात जो भेटेल त्याला एकदा सांगितलं की पुरतं. एकाला सांगितलं ते साऱ्या चुलीला पोचतं. रीत चांगली आहे, मायेची आहे. ती मलाही लागू झाली, तिथं घात झाला.

विनोद आंघोळ करून ओसरीवर आला, हात धुतले आणि खोकं फोडलं. "दोन हायेत," तो म्हणाला. "एक माही करतो, एक बाबाची."

"कायले दोन?" चंपाबाई चुलीपासूनच बोलल्या. "एका चुलीले एक पुरते. व्याह्याइनं बी घरची एकच केली, फोटो आला न त्याइचा. दुसरी ठेवून दे, कामी पडन."

"मंग दादाची करू न," स्नेहा म्हणाली. "पुन्यावून तो आला. त्याचा गळा पाह्य कसा बसला."

"गाडीत एसी होता व. रातभर डोक्यावर."

असं म्हणाला खरा, पण मी त्याच्या हातात होते आणि त्या हाताला घाम सुटला होता. टीपाशी रेघ उठली असती तर त्याला बाहेरच्या खोलीत कोंडून घ्यावं लागलं असतं, आणि एकुलत्या एका बहिणीचं लग्न खिडकीतून बघावं लागलं असतं. लग्न पुढे ढकलावं लागलं तर ते वेगळंच. माझं उत्तर त्याला हवंही होतं आणि नकोही होतं. अशा वेळी माणूस दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी ठरवावं म्हणून थांबतो.

इंद्रभान खाटेवरून त्याच्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी पाय खाली सोडले.

"माही करा," ते म्हणाले. "सारी गल्ली जानते, या घरचा खोकला म्हंजे इंद्रभानचा खोकला. रेशनकार्डावर पयलं नाव बी माहंच हाये. मी साफ तं घर साफ."

"पन बाबा..."

"पन काय? आन ते काडी. खुर्ची लाव इकडं."

न्हाव्यापुढे बसावं तसे ते मान वर करून बसले. विनोदनं चित्रात दाखवल्याप्रमाणे दोन्ही नाकपुड्यांतून काडी नीट फिरवली. त्यांना सणसणीत शिंक आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि स्नेहा हसायला लागली. "बाबा, लगीन माहं हाये अन् रडून तुमी राह्यले." थेंब माझ्या अंगावर पडले. चंपाबाई तवा उतरवून आल्या आणि दूध उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावं तशा माझ्या खिडकीवर डोळे लावून बसल्या.

पाणी चढलं. टीवरून पुढे गेलं, तिथं काही अडकलं नाही. सीपाशी रेघ उठली, ठसठशीत, लाल.

मी खरं बोलले, मित्रांनो. त्या सकाळी इंद्रभानच्या नाकात मला दिसण्याजोगं काहीही नव्हतं. हे मी आजही कोणापुढेही सांगेन. पण मला विचारलं काय होतं आणि त्या घरानं ऐकलं काय? मला एका म्हाताऱ्या माणसाचं नाक विचारलं होतं, त्या घडीपुरतं. घरानं ऐकलं, की सगळी चूल साफ आहे, आणि लग्न होईपर्यंत साफ राहील. माझ्यापासून हातभर अंतरावर विनोदनं घसा खाकरला. त्याच्या नाकाशी मला कोणी नेलं नाही.

चंपाबाईंचा जीव भांड्यात पडला. माझा फोटो काढून धनजला पाठवला. तिकडून लगेच अंगठा आला. विनोदनं मास्क काढून खुंटीला टांगला. त्याची खाट बाहेरच्या खोलीतून उचलून आत आणली, बापाच्या खाटेला लागून टाकली. दुपारी बापलेकांनी एकाच ताटात भाकर चुरली. इतक्या महिन्यांनी आलेलं पोरगं, त्याला किती विचारू आणि किती नको, असं इंद्रभानना झालं होतं. त्यांना कानानं कमी ऐकू येई, म्हणून विनोद त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होता. असा आनंद मी दुकानाच्या कपाटातून कधी बघितला नव्हता. पण मला भीती वाटत होती.

मला फेकायला हवं होतं. पाव तासानंतर माझं काम संपतं. पण चंपाबाईंनी मला दारासमोरच्या भिंतीतल्या फळीवर ठेवलं, तथागतांच्या तसबिरीखाली, बहिणीच्या खोक्याला टेकवून; तिथून मला ओसरी आणि अंगण दिसे. शेजारच्या वच्छलाबाई अंगणात नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या, तेव्हा चंपाबाई मला घेऊनच बाहेर आल्या. "ये न व, काहून भेतं? हे पाह्य आमच्या घरची रेघ. एकच हाये." वच्छलाबाईंनी पदर सोडला, आत येऊन बसल्या, चहा घेतला. अशी मी दारात आलेल्या कोणाकोणाला दाखवली गेले. फळीवर माझ्या दुसऱ्या बाजूला विनोदच्या गळ्याच्या गोळ्यांचं पाकीट पडलेलं असे. माझं कौतुक वाढत होतं आणि ते पाकीट रिकामं होत होतं. दोन्हीकडे एकत्र कोणीच बघितलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात आचाऱ्याची चूल लागली. कढईत वांग्याच्या भाजीचा मसाला पडला आणि आतल्या खोलीपर्यंत ठसका आला. पोरंटोरं शिंकत पळाली. विनोद कढईवर वाकून उभा होता.

"माय, मसाला टाकला नाही का अजून?" त्यानं विचारलं.

"आंधळा झाला का रे? अख्खी गल्ली शिंकून राह्यली अन् तुले वास नाही येत?"

सगळे हसले. पुण्याच्या मेसमध्ये जेवून पोराचं नाक मेलं म्हणाले. विनोदही हसला, पण हसता हसता त्यानं शेजारच्या ताटातली कोथिंबीर उचलून नाकाशी धरली, चुरगाळली, पुन्हा धरली, आणि हळूच ताटात टाकली. मग तो आत आला. फळीसमोर उभा राहिला. त्याचा हात माझ्या बहिणीच्या खोक्यापर्यंत गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, आता तरी! बाहेरून हाक आली, "विनोद, मांडववाला आला रे," आणि हात मागे गेला.

लग्न साधेपणानं झालं. मांडवात त्रिसरण-पंचशीलाचे सूर उठले ते मी आतून ऐकले. इंद्रभान पांढऱ्या सदऱ्यात खुर्चीवर बसले होते आणि विनोद पूर्ण वेळ त्यांना खेटून होता, त्यांच्या पाठीला हात देऊन. लोक म्हणत होते, लेक असावा तर असा. स्नेहा निघताना बापाच्या गळ्यात पडून रडली. तिनं त्यांना सांगितलं, "पंप वेळेवर घेत जा बाबा." ते म्हणाले, "तू जाय सुखानं. मले काय होते?"

पाहुणे गेले, मांडव उतरला, आणि मला ओसरीवरचा खोकला बदललेला ऐकू आला. आधीचा खोकला खरखरीत होता, गल्लीच्या ओळखीचा. हा कोरडा, तुटक, शेवट गाठण्याआधीच दम संपणारा. मग ताप चढला.

"बाबा, दवाखान्यात चला," विनोद म्हणाला.

"कायचा दवाखाना? लग्नाची दगदग हाये," चंपाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला फळीवरून उचललं. "हे पाह्य न. याइचीच तं केली होती. साफ हायेत."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी मला उचललं, आणि तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी माझ्या खिडकीत तीच रेघ. भाकर शिळी झालेली चंपाबाईंना नुसत्या वासावरून कळायची. माझं उत्तर शिळं झालं, हे त्यांना कोण सांगणार? मी ओरडायचा प्रयत्न केला, पण माझ्याजवळ एकच रेघ होती आणि ती मी कधीच देऊन बसले होते. त्या बाईचा काही दोष नाही. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून ती मला घट्ट धरून होती.

मग एका सकाळी इंद्रभानना पूर्ण वाक्य बोलता येईना. दोन शब्द, मग श्वास. ओठ जांभळट दिसायला लागले. विनोदनं एका हातानं एकशे आठला फोन लावला आणि दुसऱ्या हातानं खोकं ओढून माझ्या बहिणीला बाहेर काढलं. बापाच्या नाकातून काडी फिरवून थेंब टाकले. तिला पाव तास लागलाच नाही. पाणी टीपाशी पोचायचा अवकाश, तिथं रेघ उठली, सीच्या आधी, सीपेक्षा गडद. ठेवून दिलेली बहीण कामी पडली ती अशी.

विनोदनं तिला हातात धरून बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं येत होतं, घशाच्या गोळ्या, कोथिंबीर, लागून टाकलेली खाट. त्याच्या तोंडून शब्द फुटण्याआधी इंद्रभान बोलले.

"मी... शेलूबाजारले गेलतो."

"कदी बाबा?"

"तू यायच्या आधी. जीपीत बसून. तुह्या मायले नाही सांगतलं... आयकलं नसतं तिनं." ते थांबले, श्वास गोळा केला. "तिथंच लागलं मले. तू यायच्या आधीचं हाये हे."

जो माणूस फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबत होता, तो म्हणे जीप पकडून शेलूबाजारला गेला होता! चंपाबाई तर विनोद येण्याआधी घर सोडून कुठे गेल्याच नव्हत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं त्यांच्याकडे. खुर्ची ओढून "माही करा" म्हणण्याआधी इंद्रभान पोराकडे इतका वेळ का बघत होते, ते मला त्या घडीला उमगलं. त्यांना तेव्हाच शंका आली होती. पोराला लग्नाबाहेर ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"हो," चंपाबाई म्हणाल्या. "गेले होते हे. मले मागून समजलं. म्या लय बोलली याइले."

गाडी आली. इंद्रभानना वाशिमला नेलं. ते परत आले नाहीत. अंत्यविधीलाही मोजकीच माणसं होती, आणि स्नेहाला बापाचा चेहरा फोनवर बघावा लागला.

पुढे घर शांत झालं. खाट ओसरीवर तशीच होती, तिच्यावर पंप. विनोदच्या सुट्टीचे दिवस कधीच उलटले होते, पण तो जायचं नाव काढत नव्हता. एका दुपारी तो फळीसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं मला उचललं. खिडकी उजेडाकडे धरून माझी रेघ बघत राहिला.

"माय," तो म्हणाला, "बाबा जर माह्या आधी शेलूबाजारले गेलते, अन् तिथंच लागलं होतं, तं हिच्यात काहून नाही आलं? त्या दिवशी तं बाबा साफ होते. म्हंजे मंग..."

चंपाबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या उठल्या. माझ्यावर त्या घरात त्यांच्याएवढा विश्वास कोणीच ठेवला नव्हता. दारादारात त्यांनीच मला मिरवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराच्या हातातून मला काढून घेतलं.

"तिले काय समजते?" त्या म्हणाल्या. "नवानवा रोग अंगात शिरला तं तिले दिसतच नाही म्हनतेत. दवाखान्यातल्या बाईनं सांगतलं मले. प्लास्टिकची डब्बी ते. तिच्या भरोशावर कायले हिसोब लावतं? तुह्या बापानं सांगतलं न? मंग झालं तं."

आणि तशाच अनवाणी अंगणात जाऊन त्यांनी मला उकिरड्यावर लांब भिरकावलं. मग उकिरड्याकडे पाठ करून, तोंडात पदर कोंबून त्या हमसून हमसून रडल्या. पोराला ऐकू जाऊ नये एवढ्याच आवाजात.

त्या बोलल्या ते खोटं नव्हतं, मित्रांनो. रोग शरीरात शिरल्यावर सुरुवातीचे दिवस मला खरंच तो दिसत नाही. म्हणून इंद्रभानचं बोलणं खोटं आहे, अशी साक्ष माझ्या रेघेवरून देता येत नाही. माझा जो उणेपणा विसरल्यामुळे त्या घरात मृत्यू शिरला, त्याच उणेपणाचा आडोसा करून एका आईनं आपलं पोर वाचवलं. ती जर लग्नाआधी माझ्याकडे इतक्याच अविश्वासानं बघती, तर ओसरीवरची खाट आज रिकामी नसती. उकिरड्यात पडल्या पडल्या हा एकच विचार मी पुन्हा पुन्हा केला.

विनोद पुण्याला गेला. बापाचं बोलणं त्याला पटलं की नाही, मला ठाऊक नाही. मला वाटतं, पटलं नसावं. मला वाटतं, पटलं असं तो आईसाठी दाखवतो.

मित्रांनो, माझ्या बहिणी अजून दुकानांत आहेत. आता एकच पट्टी दोन-तीन रोगांचं सांगते, असंही ऐकते. त्यांना घरी जरूर आणा, त्या कामाच्या आहेत. टीपाशी रेघ उठली तर ती फिकी असली तरी मनावर घ्या, लगेच डॉक्टरांना गाठा. पण एकच रेघ उठली म्हणून नाचू नका. ज्याचा गळा दुखतो त्यालाच तपासा, त्याच्या बदल्यात कोणी दुसऱ्यानं खुर्चीत बसू नये. आज नाही दिसलं तर एखाद-दोन दिवसांनी पुन्हा तपासा. आणि पट्टी काहीही म्हणो, अंग दुखत असेल, वास येत नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या खोकल्यापासून लांब बसा. त्यांना वाईट वाटेल. ते हाक मारतील, जवळ बस म्हणतील. तरी लांब बसा.

चूलबंद आवतन असावं, चूलबंद तपासणी नसते.

इथं तुरीच्या ओळीत मी आभाळाकडे पोट करून पडले आहे. ऊन-पाऊस अंगावरून जातो, पण ती रेघ काही पुसली जात नाही. एका घरानं तिच्याकडे बघून दार उघडलं, खाट आत घेतली, ताट एक केलं. ती सीची रेघ होती. आम्ही सगळे बरे आहोत, असं ती कधी म्हणालीच नव्हती. ती फक्त म्हणत होती, की मी जागी आहे.